चुन्यात गूळ किती घालावा? सेंद्रिय घटकांचे नमुने करून तपासण्याची रीत

जुन्या वाड्याच्या भिंतीपुढे उभं राहिलं की कुणीतरी हमखास सांगतं, "यात गूळ आहे, बेलफळ आहे, उडदाची डाळ आहे, म्हणून तर एवढी वर्षं हलली नाही." असेलही. पण तोच गूळ घातलेल्या किती भिंती पडल्या हे सांगायला त्या भिंती उरलेल्या नाहीत. उभ्या राहिलेल्या भिंतीलाच साक्षीला बोलावलं तर गूळ निर्दोष सुटणारच.

म्हणून हा लेख. चुन्यात एखादा सेंद्रिय पदार्थ घातल्यावर काय बदलतं, हे आपल्या हातानं नमुने करून, मोजून कसं पाहायचं ते इथं क्रमानं लिहिलं आहे. स्थापत्य किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून करता येईल, आणि जुन्या घराची दुरुस्ती काढलेल्या माणसालाही. खर्च फार नाही. वेळ मात्र निदान चार महिने लागतो, आणि तो कमी करता येत नाही.

आधी थोडं रसायन

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ५६ ग्रॅम कळी मिळते. कळीवर पाणी पडलं की ती उकळते, फुटते आणि विरते. त्या ५६ ग्रॅमचा ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे गवंडी वर्तुळ पूर्ण करतो, फक्त मधे दगडाला हवा तो आकार देऊन घेतो.

सेंद्रिय घटक या वर्तुळात कुठं हात घालतात? गुळातली साखर चुन्याशी संयोग पावते. साध्या पाण्यात लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो, साखरेच्या पाण्यात त्याहून बराच जास्त. शिवाय गुळाच्या पाण्यानं मसाला, म्हणजे चुना-वाळूचं ओलं मिश्रण, सैल पडतो, त्यामुळे कमी पाण्यात काम भागतं. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. बेलफळाचा गर चिकट. तो पाणी धरून ठेवतो. उडदातली प्रथिनं फेस करतात आणि मसाल्यात बारीक हवेचे बुडबुडे अडकवतात, वड्याचं पीठ फेटताना होतं तसंच. ताग, अंबाडी, भांग यांचे धागे भेगा आवरतात.

यातलं बरंच जगभर तपासून झालं आहे. चीनमध्ये मिंग काळात चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत. झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की त्या पेजेतलं अमायलोपेक्टिन हे पिठूळ द्रव्य चुनखडीच्या स्फटिकांची वाढ आवरतं; स्फटिक बारीक राहतात आणि मसाला घट्ट बसतो. आपल्याकडे वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे धागे सापडल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं; पुरातत्त्व खात्यातले निवृत्त रसायनतज्ज्ञ आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी मिळून ते काम केलं होतं. अजिंठ्याच्या गिलाव्यात त्यांना भांग आढळली नाही, आणि तिथल्या गिलाव्याचं किड्यांनी बरंच नुकसान केलं आहे.

आजच्या काँक्रीटमध्येही सेंद्रिय घटक असतात, फक्त डब्यातून येतात. लिग्नोसल्फोनेट हे लाकडापासून कागदाचा लगदा करताना निघणारं द्रव्य. पॉलिकार्बोक्झिलेट कारखान्यात बनवलेलं. दोन्ही काँक्रीट सैल करायला घालतात. आणि साखर? सिमेंटची ती वैरीण. अगदी थोडी साखर सिमेंटचं घट्ट होणं लांबवते. वाहतुकीत अडकलेल्या काँक्रीटच्या गाडीत माल आतच घट्ट होऊ नये म्हणून साखर ओततात ती याचमुळे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानं मिश्रणाच्या पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांना लिटरला २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. तेव्हा पहिली गाठ पदराला बांधून ठेवा: चुन्याची कृती सिमेंटला लावायची नाही.

पायरी १ : चुना मिळवा आणि मुरवा

ताजी कळी मिळाली तर उत्तम. ढेकळं कोरडी, हलकी आणि अखंड हवीत. पिशवीत निम्मी भुकटी झाली असेल तर तो चुना हवा खाऊन बसलेला आहे. एक ढेकूळ पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यात टाका. काही मिनिटांत फसफसून, तापून फुटलं पाहिजे. नुसतं कोमट झालं तर दुकान बदला.

तयार चुन्याची भुकटी घ्यायची असेल तर चमचाभर भुकटीवर व्हिनेगर घाला. जोरात फेस आला तर ती आधीच बरीचशी चुनखडी झाली आहे. चांगल्या चुन्याला फेस जवळजवळ येत नाही.

विरवताना चुना पाण्यात घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. लोखंडी पिंप वापरा. प्लास्टिकची बादली वितळते आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला चुना खातो. डोळ्यांवर बंद चष्मा, हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. डोळ्यात शिंतोडा गेला तर लगेच स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि थेट डॉक्टरांकडे जायचं. घरात लहान मुलं असतील तर हे काम घरी करू नका. पान खाणाऱ्यांच्या डबीत चुना असतो म्हणून आपल्याला त्याची भीती वाटत नाही, पण कळी विरताना ती डबी नसते, भट्टी असते.

विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून निदान महिनाभर मुरू द्या. मुरल्यावर तो लोण्यासारखा होतो.

आता एक मोजमाप, जे बहुतेक जण टाळतात. मुरलेल्या चुन्याचे १०० ग्रॅम घेऊन ओव्हनमध्ये १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. साधारण निम्मं पाणी निघतं. उरलेलं वजन म्हणजे तुमचा खरा चुना. पुढं गूळ किती टक्के हे ठरवायचं ते या कोरड्या वजनावर. ओल्यावर टक्के काढले तर तुमचे आकडे दुसऱ्या कुणाच्याही आकड्यांशी जुळणार नाहीत.

पायरी २ : वाळू

समुद्राची वाळू नको, मीठ असतं. नदीची धुतलेली चालेल. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेतली तर तिच्यातली भुकटी धुऊन काढा. बाटलीत वाळू आणि पाणी हलवून तासभर ठेवा. वर मातीचा जाड थर बसला तर ती पुन्हा धुवा.

कोरड्या वाळूनं एक लिटरचं माप भरा आणि त्यात मोजून घेतलेलं पाणी हळूहळू ओता, वर दिसू लागेपर्यंत. जितकं पाणी मावलं तितकी पोकळी. ती बहुधा ३०० ते ४०० मिलिलिटर भरते. ती पोकळी चुन्यानं भरायची असते, म्हणून एकास तीन हे प्रमाण चालत आलं आहे. तुमच्या वाळूला ४०० मिलिलिटर लागले तर एकास अडीच करा. गवंडी हे हातानं ओळखतो, आपण मापानं ओळखू.

पहिल्या फेरीत सुरखी, म्हणजे विटांचा चुरा, घालू नका. सुरखी चुन्याशी वेगळी क्रिया करते आणि मसाला पाण्यातही घट्ट होऊ लागतो. मग बदल गुळामुळे झाला की सुरखीमुळे, हे कळत नाही.

पायरी ३ : सेंद्रिय घटक तयार करा

गूळ : लागणारा गूळ १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून गाळून घ्या. एकाच ढेपेतला वापरा. दोन ढेपांत ओलावा आणि मळी वेगळी असते, आणि रंग उजळण्यासाठी घातलेली रसायनंही.

हिरडा : जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली कुटुंबं गोळा करतात तो बाळहिरडा बाजारात मिळतो. भरड कुटून, वजनाच्या दहापट पाण्यात दोन दिवस भिजवून गाळा. लोखंडी भांडं अजिबात नको. टॅनिन आणि लोह भेटले की शाई होते. पुष्कळ कारागीर हिरडा आणि गूळ एकत्र आंबवतात. ते करायचं असेल तर वेगळी तुकडी करा आणि रोज पीएच कागदानं आम्लता मोजून ठेवा. आंबताना साखरेचं मद्य आणि आम्ल होत जातं, म्हणजे सातव्या दिवशी तुम्ही घालत असता तो गूळ नसतोच.

बेलफळ : पिकलेल्या फळाचा गर रात्रभर भिजवून, कुस्करून, कापडातून पिळून घ्या. त्यातला कोरडा अंश ओव्हनमध्ये काढा. इथं ६० अंश पुरे, नाहीतर गर करपतो.

उडीद पहिल्या फेरीत घेऊ नये असं माझं मत. फेस किती झाला हे फेटणाऱ्याच्या मनगटावर ठरतं आणि दोन तुकड्या सारख्या येत नाहीत.

पायरी ४ : तुकड्या ठरवा

कामाचा प्राण इथं आहे. पाच तुकड्या करा: नुसता चुना, गूळ १ टक्का, गूळ ५ टक्के, हिरडा, बेलफळ. हिरडा आणि बेलफळाचा कोरडा अंश दोन्हीकडे सारखाच, समजा १ टक्का, ठेवा. प्रत्येक तुकडीसाठी मुरलेला चुना ९०० मिलिलिटर आणि वाळू २.७ लिटर. या चुन्यात कोरडा भाग सुमारे ६०० ग्रॅम भरेल. म्हणजे १ टक्का गूळ किती? ६ ग्रॅम. सुपारीएवढा खडा! ५ टक्के म्हणजे ३० ग्रॅम, लिंबाएवढा. लोक ऐकीव गोष्टीवरून घमेलंभर गूळ ओततात तेव्हा काय घडत असेल याचा अंदाज यावरून यावा. वजनकाटा दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला चालणार नाही.

एक अडचण आधीच सांगतो. गुळानं मसाला सैल होतो. सगळ्या तुकड्यांत पाणी सारखं ठेवलं तर गुळाची तुकडी पातळ होते. सैलपणा सारखा ठेवला तर गुळाच्या तुकडीत पाणी कमी पडतं आणि ती त्यामुळेच मजबूत ठरू शकते. मग श्रेय गुळाचं की कमी पाण्याचं? आमच्या पहिल्या खेपेला हे लक्षात आलं नाही आणि दोन महिन्यांचे नमुने बाद झाले. उपाय असा: सैलपणा सारखा ठेवा, प्रत्येक तुकडीचं पाणी लिहून ठेवा, आणि एक जादा तुकडी नुसत्या चुन्याची, पण गुळाच्या तुकडीइतक्याच कमी पाण्याची करा. ती मळायला त्रास देईल. तरी करा.

सैलपणा मोजायला पाइपचा ६ सेंटिमीटर उंचीचा तुकडा प्लायवर उभा करून मसाल्यानं भरा, पाइप उचला, आणि प्लाय एक सेंटिमीटर उचलून पंधरा वेळा सोडा. पसरलेल्या गोळ्याचा व्यास मोजा. सगळ्या तुकड्यांत तो पाच मिलिमीटरच्या फरकात आला पाहिजे.

पायरी ५ : मळा, भरा, सांभाळा

गडांवर चुन्याचा घाणा पाहिला असेल. गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, ओढायला बैल. एवढा खटाटोप कशासाठी, हे हातानं मळून पाहिलं की समजतं. सुरुवातीला कोरडा वाटणारा मसाला पाणी न घालता, नुसता कुटत राहिलं तर वीस मिनिटांत मऊ होतो. पाणी घालण्याचा मोह आवरा. सगळ्या तुकड्यांना घड्याळ लावून सारखाच वेळ मळा.

साचे दोन प्रकारचे: ४० बाय ४० बाय १६० मिलिमीटरच्या पट्ट्या आणि ५० मिलिमीटरचे ठोकळे. प्रत्येक तुकडीचे सहा-सहा. निम्मे २८ दिवसांनी आणि निम्मे ९० दिवसांनी तोडायचे. साच्याला तेल फासू नका. सेंद्रिय घटकाचाच अभ्यास चालला असताना तेल हा बिनबोलावता पाहुणा ठरतो. आतून प्लास्टिकचा कागद लावा. मसाला दोन थरांत ठासून भरा.

आठवडाभर साच्यातच राहू द्या, वर ओलसर गोणपाट. मग काढून सावलीत, सगळ्या बाजूंनी हवा लागेल असे जाळीवर ठेवा. सिमेंटसारखे पाण्यात बुडवून ठेवले तर चुना हवा घेऊच शकत नाही. कडक उन्हात वाळवले तरीही नाही, कारण या क्रियेला थोडा ओलावा लागतोच. मे महिन्यात दिवसातून दोनदा फवारा मारा. पावसाळ्यात सुरुवात न केलेलीच बरी.

नमुन्यांवर "गूळ", "हिरडा" असं लिहू नका. नुसते अ, ब, क. कुठलं अक्षर कशाचं ही यादी दुसऱ्याकडे द्या आणि तोडण्याचं काम ज्याला काही माहीत नाही त्याच्याकडून करून घ्या. आपला लाडका नमुना तोडताना हात नकळत हलका होतो.

रोज एक नजर मात्र टाका. ५ टक्क्यांच्या तुकडीला मुंग्या लागतात का? काळे ठिपके दिसतात का? ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशी टिकत नाही. पण पृष्ठभागाची चुनखडी झाली की तो कडवेपणा उतरतो, आणि आतला गूळ म्हणजे बुरशीला वाढून ठेवलेलं ताट. जास्त गुळाचा तोटा कधी कधी ताकदीत दिसत नाही, इथं दिसतो.

पायरी ६ : तोडा आणि मोजा

पट्टी दोन सळयांवर ठेवा, सळयांमधलं अंतर १०० मिलिमीटर. मधोमध तारेनं बादली टांगा आणि वाळू सावकाश ओतत राहा. पट्टी तुटली की वाळूसकट बादलीचं वजन करा. किलोतलं वजन गुणिले ०.०२३ केलं की वाकताना सोसलेला ताण न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मिळतो. १५ किलोला तुटली तर सुमारे ०.३५. बादली जमिनीपासून दोन बोटंच वर ठेवा, म्हणजे पायावर पडणार नाही.

तुटलेल्या ताज्या तोंडावर लगेच फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे अल्कधर्मी पदार्थानं रंग बदलणारं द्रावण, फवारा. जिथं अजून चुना आहे तो भाग गर्द गुलाबी होतो. जिथं चुनखडी झाली तो कोराच राहतो. कोऱ्या कडेची जाडी चारी बाजूंनी मोजा. हळदीचं पाणीही चुन्यानं लाल होतं, कुंकू त्यातूनच जन्माला येतं. पण हळद थोड्याशा अल्कधर्मी पदार्थानंही रंगते, त्यामुळे सीमारेषा अंधुक येते. शाळेत दाखवायला छान, मोजायला नको. महिन्यानंतर गाभा गुलाबी दिसला म्हणून घाबरू नका. ५ टक्के गुळाच्या तुकडीत कोरी कड नुसत्या चुन्यापेक्षा पातळ आहे की जाड, हे बघा. माझ्या लेखी सबंध प्रयोगातला हाच सर्वांत बोलका आकडा.

ठोकळे दाबायला कॉलेजातलं काँक्रीटचं यंत्र नको. नुसत्या चुन्याचा ठोकळा समजा ३ किलोन्यूटनला फुटला, तर २५०० चौरस मिलिमीटरला भागून १.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतात. दोन हजार किलोन्यूटनच्या यंत्राचा काटा एवढ्यानं हलतही नाही. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत प्रूव्हिंग रिंग, म्हणजे भार मोजणारी कडी, लावलेली लहान चौकट असते, ती मागा.

पट्टीचे उरलेले तुकडे फेकू नका. ६० अंशाला वाळवून, वजन करून, तीन मिलिमीटर पाण्यात उभे करा आणि १, ५, १५, ३० व ६० मिनिटांनी वजन घ्या. पावसाच्या प्रदेशात भिंतीला ताकदीपेक्षा हा आकडा जास्त उपयोगी पडतो.

तीन नमुन्यांचे आकडे ०.३, ०.३५ आणि ०.६ असे आले तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. ०.६ का आला ते तुटलेल्या तोंडात शोधा. दोन तुकड्यांतला फरक एकाच तुकडीतल्या विखुरण्यापेक्षा लहान असेल, तर फरक नाही असंच लिहायचं.

जुन्या भिंतीत काय होतं हे पाहायचं असेल तर

सुटून पडलेला तुकडाच घ्या, भिंत खरवडू नका. संरक्षित वास्तू असेल तर परवानगीशिवाय पडलेलाही नको. थोडी पूड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की चुना फसफसून निघून जातो, वाळू आणि धागे उरतात. कोकणातल्या मसाल्यात शिंपले असतील तर तेही विरघळतात आणि वाळूचा हिशेब चुकतो.

पिठूळ पदार्थासाठी पूड पाण्यात उकळून आयोडीनचा थेंब टाकतात, निळा रंग येतो. पण आधी व्हिनेगरनं चुना मारून घ्या. अल्कधर्मी पाण्यात आयोडीनच निकामी होतं आणि असलेलं पीठही सापडत नाही. टॅनिनला फेरिक क्लोराइड काळपट निळा किंवा हिरवा रंग देतं. गूळ मात्र पाण्यात विरघळणारा. शेकडो पावसाळ्यांनंतर तो सापडला नाही, तर घातलाच नव्हता असं म्हणता येत नाही.

विद्यापीठाची यंत्रं मिळाली तर नमुना कुठं पाठवायचा हे नीट ठरवा. एक्स-रे डिफ्रॅक्शन चुनखडीचे स्फटिक दाखवतं, पण मसाल्यात मिसळलेले गूळ-गर स्फटिकरूपात उरत नसल्यानं ते त्यात दिसत नाहीत. त्यासाठी इन्फ्रारेड वर्णपट. तापवत तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रात ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान विरलेल्या चुन्याचं पाणी जातं, आणि ६०० च्या पुढं चुनखडीचा कार्बन डायऑक्साइड. या दोन घटींवरून किती चुन्याची चुनखडी झाली हे ग्रॅममध्ये निघतं, आणि फिनॉल्फ्थॅलिनच्या कडेशी ताडून पाहता येतं.

भिंतीवर नेताना

जी तुकडी बरी ठरली तिचा गिलावा आधी घराच्या पावसाच्या बाजूला हातभर जागेवर लावा, आणि शेजारी तेवढ्याच जागेवर नुसत्या चुन्याचा. दोन्ही बोटभर जाडीचे, दोन थरांत, खालचा थर ओलसर असतानाच वरचा. खाली सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढून टाका. त्यावर चुना धरत नाही. दोन्ही तुकड्यांचे फोटो पट्टी ठेवून जूनच्या आधी घ्या, मग ऑक्टोबरात त्याच जागेवरून पुन्हा. उरलेल्या भिंतीचा चुना त्यानंतर भिजत घाला.